पंचाहत्तर फ्रेमचा पॉज

अण्णा दार उघडून बाहेर येतात. हातात टेनिसचा चेंडू. वाड्याच्या चौकात चार पोरं उभी, एकाच्या हातात बॅट, बाकीच्यांचे हात पाठीमागे. अण्णा विचारतात, "चेंडू कुणाचा?" कोणी बोलत नाही. मग सगळ्यात धाकटी पोरगी म्हणते, "खिडकी तुमची, अण्णा."

अकरा मिनिटांच्या एका कार्टून भागातला हा प्रसंग. "कुणाचा" आणि "खिडकी" या दोन शब्दांमध्ये जी रिकामी जागा आहे, तिचं हे प्रकरण. संहितेत ती तीन सेकंदांची होती. पहिल्या अॅनिमॅटिकमध्ये ती एका सेकंदावर आली. ती परत मिळवायला जे करावं लागलं, त्यात एका विनोदी नटाची वीसेक वर्षांची वाटचाल आली, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मी त्या मालिकेचा अॅनिमॅटिक एडिटर होतो. स्टोरीबोर्डची, म्हणजे प्रसंग चौकटी-चौकटींत मांडणारी, चित्रं आवाजाच्या ट्रॅकवर वेळेप्रमाणे लावून जो कच्चा भाग तयार होतो, तो अॅनिमॅटिक. म्हणजे कात्री माझ्याच हातात होती, आणि तो पॉज पहिल्यांदा मीच कापला. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे ते या मालिकेचे मुख्य आवाज, मुख्य लेखक आणि क्रिएटिव्ह प्रोड्युसर. युनिटमध्ये सगळे त्यांना दादा म्हणायचो, तेच इथे ठेवतो. कंपनीचं आणि वाहिनीचं नाव देत नाही.

भरत नाट्य ते अंधेरी

दादांची तालीम पुण्यात व्हायची तशीच झाली. कॉलेजच्या एकांकिका, पुरुषोत्तम करंडक, भरत नाट्य मंदिरातला तो प्रेक्षक. ज्यांनी पुरुषोत्तमची प्राथमिक फेरी एकदा तरी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. तिथे समोर बसलेली पोरं स्वतः नाटकवाली असतात, फसलेलं टायमिंग त्यांना नटाच्या आधी कळतं. दादा सांगायचे की पॉज घ्यायला ते तिथे शिकले. वाक्य टाकायचं, थांबायचं, आणि हशा येतो की नाही हे कानांनी नाही तर पायांखालच्या फळीला ऐकायचं. हशा उठायला लागला की त्याच्या शेंड्यावर पुढचं वाक्य ठेवायचं. आधी ठेवलं तर वाक्य बुडतं, उशीर झाला तर हशा पडतो.

पुढे व्यावसायिक नाटकांत नोकर, शेजारी, वधूपिता अशा भूमिका केल्या. प्रयोग होते तोवर पैसे होते. मग एका सहकलाकाराच्या ओळखीनं मुंबईत डबिंग मिळालं. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन, दादरला उतरून लोकलनं अंधेरी, संध्याकाळी परत. बरीच वर्षं हेच.

डबिंगची खोली ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काचेच्या पलीकडे रेकॉर्डिस्ट आणि डबिंग डायरेक्टर, अलीकडे एकटा नट. हेडफोन, माइक, स्टँडवर कागद, समोर पडद्यावर चित्र. चित्र आधीच पक्कं झालेलं असतं. परदेशी पात्राचं तोंड जेवढा वेळ हलतं तेवढ्याच वेळात आपलं वाक्य बसवायचं. बाकीची पात्रं सोबत नसतात, त्यांचे ट्रॅक वेगळ्या दिवशी होतात. दादांकडे यायची ती कामं आधी इंग्रजीतून हिंदीत आलेली आणि मग हिंदीतून मराठीत. विनोद तीन हातांतून फिरून आलेला, त्याचा कोपरा न कोपरा झिजलेला. दादा लिप सिंकमध्ये पक्के होते, एका टेकमध्ये ओळ बसवायचे. पण मूळ नटानं जिथे श्वास घेतला तिथेच यांना घ्यावा लागे. मराठी वाक्याचा श्वास तिथे नसतो. इंग्रजीत क्रियापद लवकर येतं, आपल्याकडे ते शेवटी येतं, म्हणून विनोदाचा खटका आपल्या वाक्यात बहुतेक वेळा अगदी टोकाला असतो. परदेशी ओठ त्याच्या आधीच मिटलेले असतात.

म्हणून त्यांनी लिहायला घेतलं. आधी मराठी डबिंगच्या संहिता सुधारून द्यायला लागले, मग एका हिंदी कार्टूनचे मूळ भाग मिळाले. लेखक झालं की पॉज आपल्या हातात येईल असं त्यांना वाटलं होतं. संहितेत ते कंसात "थांबतो" असं लिहायचे. स्टोरीबोर्ड करणारा त्या शब्दाचं चित्र काढणार कसं? एक चौकट काढून तो पुढे जायचा, आणि एडिटर ती चौकट सर्वांत आधी छोटी करायचा. कुठलीही ओळ कापायची तर लेखकाला विचारावं लागतं. शांतता कापायला कोणी कोणाला विचारत नाही.

आवाज, कागद आणि सही एकाच माणसाकडे

अमेरिकेतल्या टीव्ही अॅनिमेशनमध्ये नट, लेखक आणि निर्माता एकच असण्याची परंपरा आहे, आणि तिला कारण आहे. टीव्हीचं बजेट सिनेमाइतकं नसतं, म्हणून हॅना-बार्बेराच्या काळापासून तिथे मर्यादित हालचालीचं अॅनिमेशन रुजलं. शरीर स्थिर, तोंड आणि डोळे हलते. १९६० साली 'द फ्लिंटस्टोन्स' रात्रीच्या मुख्य वेळेत लागलं ते याच पद्धतीनं. चित्र जेवढं कमी हलतं तेवढा विनोदाचा भार आवाजावर आणि लेखनावर येतो. मग ज्याला आवाज काढता येतो आणि लिहिता येतं, तो हळूहळू निर्मात्याच्या खुर्चीत येतो.

माइक जज हे भौतिकशास्त्राचे पदवीधर. १९९३ मध्ये 'बीव्हिस अँड बटहेड' आलं तेव्हा दोन्ही पोरांचे आवाज त्यांचेच होते. १९९७ मध्ये ग्रेग डॅनियल्स यांच्याबरोबर त्यांनी 'किंग ऑफ द हिल' आणलं. त्यातल्या मुख्य पात्राचा, हँकचा, आवाज जज यांचाच. त्यात हँक धरून चार मित्र कुंपणापाशी बिअरचे कॅन घेऊन उभे असतात आणि एकामागून एक "येप" म्हणतात. मध्ये काहीच घडत नाही. त्या न घडण्यावर ती मालिका २०१० पर्यंत तेरा सीझन उभी राहिली. दादांनी मला तो प्रसंग लॅपटॉपवर निदान दहा वेळा दाखवला असेल. त्यांचं म्हणणं एकच: "हे टिकलं, कारण हँकचा आवाज करणारा माणूसच वर बसला होता."

सेथ मॅकफार्लेन यांचं 'फॅमिली गाय' ३१ जानेवारी १९९९ ला सुरू झालं. पीटर, स्टुई आणि ब्रायन, तिघांचे आवाज त्यांचेच. त्याच मालिकेतले माइक हेन्री पहिल्यापासून लेखक आणि नट, पुढे निर्माते. क्लीव्हलंड या पात्राचा संथ, ओढून बोलणारा आवाज त्यांचा. त्या पात्राला २००९ मध्ये स्वतंत्र मालिका मिळाली तेव्हा हेन्री तिच्या निर्मात्यांपैकी एक होते. त्यांच्याकडे पुढे परत येईन, कारण आमच्या युनिटमध्ये त्यांच्यावरून एक वेगळीच चर्चा झाली.

आपल्याकडे हे का घडत नाही याची खंत दादांना होती. पुण्याला अॅनिमेशन नवं नाही. 'प्रभात' १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली आणि १९३४ मध्येच तिनं 'जंबूकाका' हा कार्टूनपट केला. त्या जागेत आज एफटीआयआय आहे. आमचं रेकॉर्डिंग तिथून चालत जाण्याच्या अंतरावर व्हायचं, आणि दादा दर वेळी त्या फाटकाकडे बघून पुढे जायचे.

अण्णांचा भाग

मालिका पुण्यातल्या एका वाड्यावर होती. घरमालक अण्णा, भाडेकरू, त्यांची मुलं, एक मांजर. कंपनीनं दादांना तिन्ही कामांसाठी घेतलं. त्यांची एक अट होती: आवाज आधी, तोही मराठी, आणि सगळे नट एकाच खोलीत. हिंदी नंतर डब होईल. खर्च थोडा वाढत होता, कारण सगळ्यांच्या तारखा जुळवाव्या लागत. कंपनीनं मानलं. पहिल्या रेकॉर्डिंगला सहा माणसं अर्धवर्तुळात उभी होती. "चेंडू कुणाचा?" म्हणून दादा थांबले आणि सगळेच्या सगळे थांबले. रेकॉर्डिस्टनं मान वर केली. मग त्या मुलीचा आवाज करणारी म्हणाली, "खिडकी तुमची, अण्णा", आणि टेक हशानं वाया गेला. दुसरा टेक घेतला. ट्रॅकवर मोजलं तर पॉज बरोबर तीन सेकंदांचा.

आपल्याकडे सेकंदाला पंचवीस फ्रेम. तीन सेकंदांच्या पंचाहत्तर.

अकरा मिनिटांचा भाग म्हणजे साडेसोळा हजार फ्रेम, एकही जास्त नाही. वाहिनीच्या वेळापत्रकात भाग तेवढाच बसतो. माझ्याकडे बोर्ड आले तेव्हा हा भाग सतरा सेकंद लांब होता. मी नेहमीप्रमाणे रिकाम्या जागा शोधल्या. जिन्यावरची पावलं, मांजराची जांभई, दाराची कडी, आणि अण्णांचा पॉज. पंचाहत्तरच्या पंचवीस केल्या. मला त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. प्रश्न ऐकू येत होता, उत्तर ऐकू येत होतं.

दादांनी अॅनिमॅटिक पाहिलं आणि विचारलं, "ही मुलगी एवढ्या लवकर कशी बोलली?"

मला कळलं नाही. ते म्हणाले, "ती घाबरलेली आहे. चौघंही घाबरलेली आहेत. आधी घाबरू तर दे त्यांना. आता ती पाठ केलेलं बोलते आहे."

मी पॉज परत लावला. मग वाहिनीकडून शेरा आला: जागा मोठी आहे, मुलं चॅनेल बदलतील, एक सेकंद करा आणि एक गमतीदार साउंड इफेक्ट टाका. हा शेरा देणाऱ्यांना मी दोष देत नाही. रिमोट ही खरी भीती आहे, आणि शांत पडदा बघून टीव्ही बंद पडला असं वाटणारी माणसंही खरी आहेत. खर्चाचा मात्र इथे प्रश्न नव्हता, हे अॅनिमेशनबाहेरच्यांना उलटं वाटतं. पात्र नुसतं उभं राहणं ही सगळ्यात स्वस्त गोष्ट. रिग, म्हणजे पात्राचा हलवता येणारा सांगाडा, तोच, पोझ तीच, मध्ये एखादी पापणी लवते. पॉज महाग पडतो तो वेळेत.

दादांनी मला दोन आवृत्त्या करायला लावल्या. एक वाहिनीची, पंचवीस फ्रेम आणि वर "टॉइंग". दुसरी त्यांची. कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या गणपतीत, आरतीनंतर, हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला. एक दिवस एक आवृत्ती, दुसऱ्या दिवशी दुसरी. पोरं बरीचशी तीच, त्यामुळे याला चाचणी म्हणता येणार नाही, हे मला माहीत आहे. पहिल्या दिवशी मुलं "टॉइंग"ला हसली, आणि त्या हसण्यात मुलीचं वाक्य बुडालं. दुसऱ्या दिवशी दादांची आवृत्ती लागली. अण्णांनी विचारलं, "चेंडू कुणाचा?" हॉल शांत झाला. एक सेकंद गेला. दुसऱ्या सेकंदाला सतरंजीवर पुढे बसलेला एक चार-पाच वर्षांचा मुलगा हळूच म्हणाला, "माझा."

तो गुन्हा कबूल करत होता. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी रिकाम्या जागा कापत होतो, आणि त्या जागेत कोणी येऊन उभं राहू शकतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

वाहिनीला हे सांगितलं. त्यांना पटलं, पण पूर्ण नाही. "काहीतरी घडलं पाहिजे" एवढं राहिलंच. तोडगा काढला तो आमच्या बोर्ड आर्टिस्टनं. युनिटमधली सगळ्यात लहान मुलगी, पहिलीच नोकरी. ती म्हणाली, "दादा, चेंडू चहात पडला असेल तर?"

आधीच्या शॉटमध्ये खिडकीपाशी अण्णांचा कप होताच. अण्णा बाहेर येतात तेव्हा चेंडू ओला, खालचा अर्धा तपकिरी झालेला. ते विचारतात, "चेंडू कुणाचा?" सगळे गप्प. अडतिसाव्या फ्रेमला चेंडूतून चहाचा एक थेंब पडतो. "टप्." अण्णांची पापणी एकदा लवते. बाकी काही हलत नाही. मग मुलगी बोलते. त्या एका थेंबानं काहीतरी घडलं, आणि शांतता आणखी खोल झाली. शेवटी सत्तर फ्रेम ठरल्या. पाच दादांनी सोडल्या.

आता उरलेली वेळ आणायची कुठून? इथे दादांमधला लेखक आणि दादांमधला निर्माता समोरासमोर आले. जिन्याच्या प्रसंगात अण्णांचं एक वाक्य होतं: "या वाड्यात न सांगता दोघंच येतात, मांजर आणि भाडेवाढ." वाचनाला या वाक्यावर सगळे हसले होते, भागातलं सगळ्यात टाळीचं वाक्य. ते बोलायला चार सेकंद लागत. दादांनी ते वाक्य ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं, आणि म्हणाले, "काढ." दुसरा लेखक असता तर त्यानं भांडून ते वाक्य वाचवलं असतं आणि पॉज गेला असता. नट आणि लेखक वेगळे असते तर नटाला या वादात कोणी बोलावलंच नसतं.

भाजीवालीचा आवाज

हे मुख्य प्रकरणात येत नाही, पण सोडवत नाही. मालिकेत सोलापूरकडची एक भाजीवाली होती. पहिल्या तीन भागांत तिचा आवाज दादाच करत होते. नाटकात अशा भूमिका त्यांनी खूप केलेल्या, हशाही हमखास. माइक हेन्री गोरे आणि क्लीव्हलंड कृष्णवर्णीय; जून २०२० मध्ये त्यांनी तो आवाज स्वतःहून सोडला आणि पुढे अरिफ झहीर यांनी तो घेतला. हा विषय आमच्या जेवणाच्या सुट्टीत निघाला. कुणीतरी म्हणालं, तिकडचा वर्णाचा प्रश्न इकडे कशाला. दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले की सदाशिव पेठेतल्या माणसानं गावाकडची बोली काढून हशा घेणं हे आपलं तसलंच काहीतरी आहे. चौथ्या भागापासून मूळच्या सोलापूरच्या एका अभिनेत्रीला बोलावलं. जुने तीन भागही तिच्याकडून पुन्हा करून घेतले.

तिनं पहिल्याच दिवशी एक गोष्ट बदलली. दादा "व्हय" झटकन टाकायचे, कारण त्या शब्दालाच लोक हसतात. ती "व्हय" म्हणून थांबायची आणि मग पुढचं भाव सांगितल्यासारखं शांतपणे बोलायची. हशा शब्दावरून तिच्या शहाणपणावर गेला. माझ्या मते त्या मालिकेतलं सगळ्यात चांगलं पात्र तेच झालं.

कागदावर काय टिकतं

पहिला सीझन सव्वीस भागांचा झाला. हिंदी डबिंग मुंबईत झालं, दादा स्वतः काचेच्या पलीकडे बसले. चित्र मराठी श्वासावर पक्कं झालेलं, त्यामुळे हिंदी नटाला तिथे थांबावंच लागलं. त्यानं पहिल्या टेकमध्ये थेंबाच्या आधीच पुढचा हुंकार भरला. दादांनी टॉकबॅकवर, म्हणजे काचेपलीकडून बोलायच्या माइकवर, त्याला थेंब बघायला सांगितलं. दुसरा टेक बसला.

दुसऱ्या सीझनची बोलणी सुरू झाली तेव्हा दादांनी वकिलाकडून कायदा नीट समजून घेतला. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात २०१२ मध्ये लेखक आणि कलाकारांच्या बाजूच्या मोठ्या दुरुस्त्या झाल्या. चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून जी रॉयल्टी येते तिचा समान वाटा मिळण्याचा लेखकाचा हक्क आता कुठल्याही करारानं सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. ही मोठी गोष्ट आहे, आणि अॅनिमेशनमध्ये लिहिणाऱ्या कितीतरी पोरांना ती ठाऊक नसते. त्यांनी लेखन, आवाज आणि निर्मिती यांचे तीन वेगळे करार करून घ्यावेत. महिन्याच्या एकाच रकमेत सगळं मिसळलं की कशाचे पैसे कशासाठी हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. दादांचे पहिल्या सीझनला तसेच मिसळले होते.

कलाकाराचे नैतिक हक्क कलम ३८ख मध्ये आहेत. आपलं नाव लागावं, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी सादरीकरणाची मोडतोड होऊ नये. दादांना वाटलं, पॉजसाठी हे चालेल. वकिलानं त्याखालचं स्पष्टीकरण वाचून दाखवलं: संकलनासाठी किंवा ठरलेल्या वेळेत बसवण्यासाठी सादरीकरणाचा काही भाग काढला, तर तेवढ्यानं प्रतिष्ठेला बाधा आली असं मानलं जाणार नाही. म्हणजे मी त्या दिवशी ज्या कारणासाठी कात्री चालवली होती, तेच कारण कायद्यानं शब्दशः मोकळं ठेवलं आहे. कायदा दादांचं नाव वाचवेल, त्यांचा वाटा वाचवेल. सत्तर फ्रेम वाचवणार नाही.

त्यामुळे दुसऱ्या सीझनच्या करारात त्यांनी मानधन वाढवून मागण्याऐवजी एक कलम मागितलं: अॅनिमॅटिक लॉक, म्हणजे त्याच्या वेळा पक्क्या करणं, त्यांच्या सहीशिवाय होणार नाही. कंपनी तयार झाली. वाहिनीनं दोन महिने घेतले आणि पहिल्या तेरा भागांपुरतं मान्य केलं, पुढच्या तेरांचं तेव्हा बघू म्हणून. दादांनी सही केली. रेकॉर्डिंग दिवाळीनंतर आहे, सगळे एकाच खोलीत. बोर्ड आर्टिस्ट आता दोन भाग स्वतः लिहिते आहे, आणि तिच्या संहितेत "थांबतो" असं कुठेच नाही. तिथे ती फ्रेमचा आकडा घालते, आणि त्या वेळात काय ओलं आहे, काय लोंबतं आहे, कोण कुठे बघतं आहे, ते लिहिते.